जुनी आहे त्यांनी नवी घ्यावी का?

३ नोव्हेंबर, सोमवार

एजन्सीने नवी गाडी आणून दिली. दोन-तीन आठवडे ठेवा, नीट चालवून बघा म्हणाले. पांढरी. पुढची जाळी बदलली आहे, दिवे बारीक झालेत, छताला काच आली आहे. नाव तेच ठेवलंय.

गाड्यांच्या आमच्या यूट्यूब चॅनेलवर लोक हेच विचारतात. आमच्याकडे जुनी आहे, नवी घ्यावी का? पिंकी म्हणते नुसतं बोललेलं कोणी बघत नाही, दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या करून दाखवू. पिंकी माझी धाकटी बहीण. कॅमेरा तिचा, कापाकापी तिची. मी फक्त बोलतो.

"जुनी कुठून आणायची?"

"मोनाली वहिनीकडे आहे ना. चांगली ठेवली तिनं."

"ती आता तुझी वहिनी नाही."

"तुझी बायको नाही. माझी वहिनी आहे." फोन तिनेच लावला. मी खाली जाऊन टायरचा आकार बघितला.

डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, वाटतं ते लिहा. मी म्हटलं काही वाटतच नाही. तर म्हणाल्या, मग काय झालं ते लिहा. म्हणून हे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोनाली शनिवारी गाडी घेऊन येते आहे. ती खापरखेड्याला कोळशाच्या वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. राहते जरीपटक्यात, रोज जाणं-येणं याच गाडीने. लग्न मोडलं तेव्हा गाडी तिने ठेवली, कारण नोकरीला लागत होती. मला तशी लागत नव्हती. भांडण असं काही झालं नाही. आयुष गेल्यावर आम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत टीव्ही बघायचो. नंतर वेगवेगळ्या घरांत बघू लागलो.

आयुष आमचा मुलगा. त्याच्या हृदयाची एक झडप जन्मतःच अरुंद होती. दोन ऑपरेशनं झाली. सहा वर्षांचा होता.

मोनालीने या उन्हाळ्यात प्रशिक नावाच्या माणसाशी लग्न केलं. तो तिथेच इंजिनीअर आहे. पिंकी जेवायला गेली होती. काय जेवण होतं ते तिने सांगितलं, मी ऐकलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

कळमेश्वर रोडवर एमआयडीसीच्या अलीकडे शूटिंग केलं. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला संत्र्याची बाग, मध्ये मोकळी जागा. दोन्ही गाड्या उभ्या केल्या. लांबी जवळजवळ तीच, डिक्की नवीची मोठी. जुनीचा डॅशबोर्ड दोन रंगांचा, साधा. नवीत मोठी स्क्रीन. जुनीचं दार बंद केलं की हलका आवाज येतो, नवीचा जड येतो. लोकांना जड आवाज आवडतो.

मोनाली जरा भरली आहे. नवीत बसल्याबरोबर तिने सीट मागे घेतली, आणखी मागे घेतली, आणि स्टिअरिंग आणि आपल्यामध्ये किती जागा राहते ते हाताने बघितलं. उंच नसलेल्या मालकांनाही सीट मागे लागते, हे नोंदवून ठेवलं.

"बेल्ट खाली कुठून जातो याचा?" तिने विचारलं.

"मांडीवरून. पोटावर नाही यायला पाहिजे."

"हाव, तेच पाहून राहिली."

पिंकी कॅमेऱ्यामागून तिच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं शॉट चालू आहे का. म्हणाली नाही.

नाक्यावरून तर्री-पोहे मागवले. मोनाली वास आल्याबरोबर उठून लांब गेली. ॲसिडिटी आहे म्हणे. पूर्वी माझ्या प्लेटमधलीही तर्री तीच घ्यायची.

मग मागच्या सीटचं घ्यायचं होतं. मी जुनीत मागे बसलो. गुडघ्याला चार बोटं जागा राहते, मधला प्रवासी अवघडतो, खिडकी मोठी असल्यामुळे लहान मुलांना बाहेरचं चांगलं दिसतं, हे सगळं एका दमात बोललो. कुठे अडखळलो नाही. पिंकी म्हणाली पुन्हा घ्यावं लागेल, कॅमेरा हलला. तीन पायांच्या स्टँडवरचा कॅमेरा कसा हलला ते कळलं नाही. पुन्हा घेतलं. मोनाली तोपर्यंत कापसात बरीच आत गेली होती, तिला हाक मारून बोलवावं लागलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काही नाही. गाडी धुतली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल मोनालीचा फोन आला. नवी गाडी गड्ड्यांत किती हादरते ते तिला तिच्या रोजच्या रस्त्यावर बघायचं होतं. सकाळी जरीपटक्यातून तिला घेतलं. कोराडीच्या पुढे राखेच्या ट्रकांनी रस्त्याची पार वाट लावली आहे. मी नेहमीच्या वेगाने काढत होतो, म्हणजे सस्पेन्शन कळतं.

"हळू घे ना."

"हळू घेतलं तर फरक कळत नाही."

"मले फरक नाही पाहायचा. हळू घे."

हळू घेतली. प्रत्येक स्पीडब्रेकरला ती सीटवरून किंचित उचलून बसत होती, दोन्ही हातांवर भार देऊन. महादुल्याच्या पुढे म्हणाली थांबव. उतरली, रस्त्याच्या कडेला उलटी केली, चूळ भरली, येऊन बसली. मी काच खाली केली. नव्या गाडीत प्लास्टिकचा वास असतो, तो काहींना सोसत नाही. हे व्हिडिओत सांगायला हवं.

केंद्राच्या गेटपाशी उतरताना ती म्हणाली, "आता लॅबमध्ये नाही बसत मी. ऑफिसात बदली मागून घेतली."

"काहून? लॅबचं तर तुला आवडत होतं."

"राख उडते तिथं," ती म्हणाली आणि गेली. राख तिथे ती लागल्यापासून उडते आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आई मेथी निवडत होती. मोनाली कशी आहे विचारलं. मी सांगितलं, बरी आहे, भरली आहे जरा, काल गाडीत उलटी झाली तिला, तर्रीचाही वास चालत नाही.

आईचा हात थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली आणि या वर्षीच्या आवळ्याच्या लोणच्याची बरणी भरली, वर फडकं बांधलं.

"तिले दे."

"लोणचं? तिला ॲसिडिटी आहे."

"तू दे फक्त. मी दिलं म्हणून सांगू नको. नाही, सांग. मी दिलं म्हणूनच सांग."

आईचं वय झालं आहे. एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं शूटिंग, तीच जागा. या वेळी प्रशिकही आला. शांत माणूस आहे. जयभीम रोशनभाऊ म्हणून हात पुढे केला. मी हात मिळवला. एअरबॅगा किती, बाजूने धडक बसली तर काय, मागच्या सीटला काय संरक्षण, सगळं बारकाईने विचारलं. मोनालीला बसायला घरून खुर्ची आणली होती त्याने, आणि एक उशी. बरणी तिला दिली. आईने दिली म्हटलं. तिने फडकं सोडून वास घेतला आणि बरणी मांडीवरच ठेवली.

पिंकीने मैत्रिणीकडून लहान मुलाची गाडीतली खुर्ची मागून आणली होती. मला आधी सांगितलं नव्हतं. नवीत मागच्या सीटच्या फटीत लोखंडी हुक आहेत, खुर्ची त्यांत अडकते, खट् असा आवाज येतो, मग कितीही ओढली तरी हलत नाही. कॅमेऱ्यासमोर ओढून दाखवली. मग जुनीपाशी गेलो आणि म्हटलं, या मॉडेलमध्ये ही सोय नाही.

"नव्हती," मोनाली तिच्या खुर्चीवरून म्हणाली. "म्हणून मी त्याले मांडीवर घेऊन मागं बसत होती."

कॅमेरा चालू होता. कोणी बंद केला नाही.

ती उठून माझ्याजवळ आली. "रोशन, मले दिवस गेले. पाचवा चालू आहे. तुले वाटलं असन आतापर्यंत. पण तुझ्या तोंडावर काही दिसलं नाही, म्हणून सांगून राहिली."

मी बरं म्हटलं.

मग पिंकीला म्हटलं ऊन उतरतंय, डिक्कीचं राहिलं आहे, ते उरकून घेऊ. डिक्कीचं घेतलं. दोन मोठ्या बॅगा, एक लहान बॅग, आडव्या-उभ्या लावून दाखवल्या. नवीत तिन्ही बसतात. जुनीत लहान बॅग वर ठेवावी लागते.

१६ नोव्हेंबर, रविवार

पिंकीला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, पहिल्याच दिवशी. आईला? गुरुवारी, तू सांगितलं तेव्हा.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तूच सगळं सांगून राहिला होता, दादा. आम्ही ऐकून राहिलो होतो."

काय वाटतं आहे ते बघायला मी बराच वेळ बसलो. काही वाटत नव्हतं. भूकही नव्हती, पण जेवलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी मोनाली आमच्या घरी आली. इंदोऱ्याच्या या घरात ती वेगळं झाल्यापासून आली नव्हती. प्रशिक खाली गाडीत थांबला. आईने बोलव म्हटलं तर मोनाली म्हणाली, नको, मले एकटीलेच बोलायचं आहे.

पाणी प्यायली. मग बोलली. पहिल्या मुलाला हृदयाचा दोष होता, म्हणून डॉक्टरांनी पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी सांगितली आहे, पुढच्या आठवड्यात. आयुषच्या झडपेत जो दोष होता तो कधी कधी आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून येतो. त्या माणसाला आयुष्यभर पत्ताही नसतो, कारण त्याच्यात तो अगदी सौम्य असतो. मोनालीने स्वतःची तपासणी केली. तिच्यात काही निघालं नाही.

"तरी मन मानत नाही," ती म्हणाली. "तू एकदा तपासून घेशीन का? तुझ्यात निघालं तर कुठून आलं ते कळन. नाही निघालं तर मग..." 

आई दाराशी उभी होती. मोनाली तिच्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"आई, तुम्ही तेव्हा म्हणाल्या होत्या, पोटुशी असताना राखेत कामाले गेली म्हणून लेकराचं असं झालं. तुमच्यासारखे आणखीही म्हणणारे होते. मी काही बोलली नाही. मले वाटे, असन. इतकी वर्षं मी तेच धरून चालली."

आई खाली बसली. तिथेच, उंबऱ्यावर.

"मी म्हटलं व्हतं," आई म्हणाली. "मले काय समजत व्हतं वं. पण म्हटलं व्हतं मी."

 मग आईने विचारलं लोणचं लागलं का. मोनाली म्हणाली, अर्धं संपलं.

मी गुरुवारी जातो म्हटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

धंतोलीला हृदयाच्या दवाखान्यात गेलो. शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. छातीवर गार जेल लावलं. डॉक्टर तरुण होत्या. स्क्रीन माझ्या बाजूला होती, म्हणून बघत होतो. करडं, हलणारं काहीतरी. आयुषचं असंच बघायचो आम्ही, तो माझ्या पायावर हात ठेवून पडलेला असायचा आणि विचारायचा, हे माझं आहे का? हो म्हटलं की म्हणायचा, किती घाई करून राहिलं.

हे आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं. बोललोही नव्हतो.

झोपल्या-झोपल्या माझ्या मनात एकच आलं, आणि ते आलं याचं मलाच नवल वाटलं. निघू दे. माझ्यात निघू दे. अशी इच्छा करतात का माणसं? डॉक्टरांना सांगितली असती तर त्यांनी डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, आणि तिथे तर मी आधीच जातो.

त्यांनी एका जागी प्रोब दाबून धरला, पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच आणला. "तुम्हाला कधी दम लागतो?" नाही. "चक्कर?" नाही. त्यांनी मान हलवली आणि चित्र थांबवून ठेवलं.

महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. माझ्या झडपेला दोन आहेत. जन्मापासून. झडप चांगली चालते आहे, औषध नको, पण दरवर्षी दाखवायचं. मुलात असा दोष माझ्याकडून गेलेला असू शकतो का, विचारलं. त्या म्हणाल्या, शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, पण आईचं तपासून काही निघालेलं नाही आणि तुमच्यात हे आहे, तर बहुधा इकडूनच.

"आणि तिच्या आताच्या बाळाला? त्याचे वडील वेगळे आहेत."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मग त्याला तुमच्याकडून काही येणार नाही," त्या म्हणाल्या. "सोनोग्राफी तरी करून घ्यायला सांगा. पण माझ्या मते त्यांनी निवांत झोपायला हरकत नाही."

पार्किंगमधूनच मोनालीला फोन लावला. गाडीत बसून लावावा हे सुचलं नाही, दोन स्कूटरींच्या मध्ये उभा होतो.

"निघालं," म्हटलं. "माझ्याकडून आलं. तुझ्याकडून नाही. राखेनं नाही. तू कामावर गेली म्हणून नाही. माझ्याकडून."

पलीकडून आवाज आला.  ती रडत होती. हळू नाही, कोंडून नाही. आयुषच्या वेळीही ती अशी रडली नव्हती, तेव्हा लोक होते. मी फोन कानाला धरून ठेवला. एक माणूस स्कूटर काढायला आला, त्याला जागा दिली, आणि पुन्हा तिथेच उभा राहिलो.

शेवटी म्हणाली, "तुले बरं आहे ना? तुझ्या जिवाले काही नाही ना?"

काही नाही म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. तिने माझ्या छातीवर पंजा ठेवला आणि बराच वेळ ठेवून दिला, ताप बघतात तसा. मग म्हणाली, "तुह्या बाबाले पायऱ्या चढवत नव्हत्या. आम्ही म्हणो आळशी हाय." आणि हात काढून स्वयंपाकघरात गेली.

नवी गाडी एजन्सीला परत केली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

प्रशिकचा फोन आला. सोनोग्राफी झाली, बाळाचं हृदय चांगलं आहे, चारही कप्पे, सगळ्या झडपा.  मी म्हटलं छान झालं. तो म्हणाला, "रोशनभाऊ, तुमचे उपकार." मी म्हटलं, उपकार कसले गा, मी नुसता झोपलो होतो. तो हसला. मीही हसलो असावा, पिंकीने वळून बघितलं.

रात्री व्हिडिओ टाकला. पिंकीने लहान मुलाच्या खुर्चीचा भाग कापला होता, मी परत घालायला सांगितला. मोनाली बोलते ते नाही, फक्त हुक आणि खट् आवाज. शेवटी मी लोकांना सांगितलं ते असं: दोघांचा प्रवास असेल आणि जुनी चांगली चालत असेल तर घाई करू नका. घरात लहान मूल येणार असेल तर नवी घ्या. दुसरा विचार करू नका.

३० नोव्हेंबर, रविवार

मोनाली-प्रशिकने नवी बुक केली होती, आज आली. वरचं मॉडेल नाही घेतलं, छताची काच नको म्हणे, नागपूरच्या उन्हात काय करायची. जुनी एजन्सीत द्यायची ठरली होती, पण मोनालीने सकाळी फोन करून विचारलं, "तू नेतो का?"

नेतो म्हटलं. आधी म्हणून गेलो, विचार नंतर केला.

जरीपटक्यात गेलो. तिने गाडी धुऊन ठेवली होती. हवा कुठे भरायची, वायपर कधी बदलले, एसी सुरू करताना काय आवाज येतो, सगळं समजावून सांगितलं, जसं काही मी ही गाडी कधी बघितलीच नव्हती. किल्ली दिली. प्रशिकने हात मिळवला. नव्या गाडीला अजून नंबर नव्हता, पुढे झेंडूचा हार होता. मोनाली त्या गाडीला टेकून उभी होती, एक हात पोटावर. आता मलाही दिसलं.

"जेव्हा होईन तेव्हा पाहायला येशीन का?" तिने विचारलं.

"येईन."

"आईले घेऊन ये."

निघालो. कामठी रोडला लागलो. रविवारची गर्दी होती, बाजाराची. सिग्नलवर थांबलो आणि सवयीने आरशात बघितलं. मागे कोणी नव्हतं. सिग्नल सुटला, मी गिअर टाकला, थोडं पुढे गेलो आणि गाडी डावीकडे घेऊन थांबवली. इंडिकेटरही दिला नाही. मागचे हॉर्न वाजवू लागले.

ट्रॅफिकचा हवालदार आला. काचेवर टकटक केली. काच खाली केली.

"बंद पडली का गाडी?"

"नाही साहेब. गाडी चांगली आहे."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. पन्नाशीचा माणूस होता, शिट्टी गळ्यात. लायसन्स मागेल असं वाटलं. नाही मागितलं. "बसा मग जरा," म्हणाला. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या गाड्यांना हाताने बाजूने काढून देऊ लागला.

मी रडत होतो. तो तिथे बराच वेळ उभा होता.